सेंद्रियाचा टिळा

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात एकाच मालकाच्या, एकाच बांधाला लागून असलेल्या दोन द्राक्षबागा असतात. एक एक्स्पोर्टची, दुसरी लोकलची. लोकल म्हणजे तुम्ही आणि मी. एक्स्पोर्टच्या बागेला नोंदणी क्रमांक असतो. कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मारलं, याची वही असते. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुन्याचे घड तोडून नेतो, त्यात शेकडो रसायनांचे अंश शोधले जातात आणि अहवाल ‘अपेडा’ या केंद्रीय निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदवहीवर चढल्याशिवाय युरोपसाठी कात्री चालत नाही. एखादं रसायन मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तर त्या प्लॉटचा माल कंटेनरमध्ये चढत नाही. मग तो जातो कुठे? खड्डा करून पुरतात, असं समजणाऱ्या भाबड्यांना माझा साष्टांग नमस्कार.

युरोपात नापास झालेला घड आपल्या कायद्यानेही नापासच असतो असं नाही, हे आधीच कबूल करतो. तिथे ज्या रसायनाची स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचा सरसकट दांडका असतो. आपल्याकडे त्याच रसायनाला वेगळी, सैल मर्यादा असू शकते. पण तो घड आपल्या मर्यादेत तरी बसतो का, हे हातगाडीवर येण्याआधी कोणी पाहिलं? कोणीही नाही. मर्यादा कागदावर आहे, प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीला आहे, यंत्रं आहेत, ती चालवणारे शास्त्रज्ञ आहेत. फक्त ते सगळं रॉटरडॅमच्या पोरासाठी आहे.

ही यंत्रणा आपल्याला साक्षात्कार होऊन उभी राहिलेली नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले, माल अडला, आणि लगोलग निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. २००६ मध्ये ग्रेपनेट आलं. २०१० मध्ये पुन्हा फटका बसला. या वेळी निमित्त क्लोरमेक्वाट क्लोराइडचं, ज्याला बागाईतदार ‘सीसीसी’ म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला ते वापरायची रीत होती. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, युरोपात मात्र शोधलं गेलं. कंटेनर अडकले आणि कर्ज काढून बाग उभी केलेले शेतकरी हकनाक भरडले गेले. त्यानंतर यादीत सीसीसी आलं, यादी वाढत गेली. म्हणजे दणका बसला की आपली नोकरशाही पळते, हे सिद्ध झालेलं आहे. प्रश्न इतकाच, की दणका कोण देऊ शकतो. युरोपचा आयातदार माल परत पाठवतो. आपण माल परत पाठवू शकत नाही, कारण तो आपण आदल्या रात्रीच जेवलेलो असतो.

आणि ज्या मेथोमिलमुळे २००३ मध्ये एवढा गहजब झाला, त्यावर देशात बंदी कधी आली? २०२३ मध्ये. युरोपचा माल वाचवायला एक हंगाम पुरला, आपल्याला वीस वर्षं लागली.

या सगळ्यावर शहरी मध्यमवर्गाने शोधलेलं उत्तर म्हणजे सेंद्रिय. सरकारने तपासायचं ते तपासत नाही, म्हणून आम्ही दीडपट-दुप्पट पैसे मोजून सुरक्षा विकत घेणार. शाळेचं हेच केलं, पाण्याचं हेच केलं, आता मेथीच्या जुडीचं. माझी तक्रार सेंद्रिय शेतीबद्दल नाही. शिस्तीने करणाऱ्या शेतकऱ्याची मेहनत मी पाहिली आहे, त्याला भाव मिळालाच पाहिजे. तक्रार त्या टिळ्याबद्दल आहे. पाकिटावर हिरवं पान छापलं, ‘नॅचरल’, ‘गावरान’, ‘विषमुक्त’ असं काहीतरी लिहिलं, की आमचे इंजिनिअर, डॉक्टर, सीए लोक डोळे मिटून पैसे काढतात. जी माणसं मोबाइल घेताना चार दिवस तुलना करतात, ती भेंडी घेताना एक प्रश्न विचारत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक गृहस्थ दर शनिवारी ‘शंभर टक्के सेंद्रिय’ भाजी विकतात. मी त्यांना प्रमाणपत्राचा क्रमांक विचारला. त्यांनी गायीचा फोटो पाठवला. मी पुन्हा विचारलं. त्यांनी त्याच गायीचा दुसरा फोटो पाठवला, या वेळी शेजारी आजोबा होते. ग्रुपवरच्या बाकीच्यांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली आणि मला कोणीतरी खासगीत लिहिलं, ‘काका, चांगलं काम करणाऱ्याला का त्रास देता?’

कायदा काय म्हणतो ते या भक्तांना सांगायला हवं. २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचं, तर माल एनपीओपी या सरकारी सेंद्रिय कार्यक्रमाखाली प्रमाणित असावा किंवा शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करण्याच्या पीजीएस पद्धतीखाली असावा, आणि त्यावर ‘जैविक भारत’चं चिन्ह असावं. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला यातून सूट आहे. ही सूट रास्त आहे. पण चार गावांतून माल गोळा करून विकणारा दलाल त्या सुटीच्या आडोशाला उभा राहतो, तेव्हा त्याला शेतकरी म्हणायचं कारण नाही.

प्रमाणपत्र आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नका. प्रमाणपत्र हे शेती कशी केली याच्या कागदपत्रांना आणि पाहणीला मिळतं. तुमच्या हातातली जुडी कोणी यंत्रात घातलेली नसते. आपल्या प्रमाणीकरणावर बाहेरच्यांचा किती विश्वास आहे, तेही पाहा. अमेरिकेच्या कृषी खात्याने जानेवारी २०२१ मध्ये अपेडाच्या सेंद्रिय प्रमाणीकरण व्यवस्थेची मान्यता काढून घेतली. आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा तर निव्वळ भाबडेपणा. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, गंधक, निंबोळी अर्क, जिवाणूंपासून केलेली कीटकनाशकं, हे सगळं सेंद्रियात अटी-शर्तींसह चालतं. तांबं मातीत साठत जातं, ते सेंद्रिय शेतकऱ्याने मारलं म्हणून विरघळत नाही.

दुसरी गंमत म्हणजे ती अमेरिकन यादी. ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’ नावाची संस्था दरवर्षी ‘डर्टी डझन’ काढते आणि ती दादर, कोथरूड, डोंबिवलीत फिरत राहते. त्यात स्ट्रॉबेरी आणि पालक वर असतात. स्वच्छांच्या यादीत अव्होकाडो, मक्याचं कणीस. ही यादी अमेरिकन सरकारने अमेरिकन बाजारातून उचललेल्या नमुन्यांवर बेतलेली आहे, आणि त्या सरकारी तपासणीत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक नमुने तिथल्या मर्यादेच्या आतच निघतात. अंश सापडला की नाही यावर भर, किती सापडला याचा हिशेब कच्चा. बरं, ते असो. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीवरून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं भविष्य कसं काढणार? त्या यादीत कढीपत्ता कुठे आहे? आमच्या शेजारच्या वहिनींनी यादी वाचून पालक बंद केला आणि अव्होकाडो सुरू केलं. फोडणीतला कढीपत्ता मात्र पूर्वीसारखाच तडतडतो. भारतातून येणाऱ्या कढीपत्त्यावर आणि भेंडीवर युरोपने वाढीव तपासणीची अट घातली होती, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही, कारण ते इंग्रजी रंगीत चित्रात येत नाही.

आता आपले आकडे. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या देशव्यापी तपासणीत २०१४-१५ मध्ये २०,६१८ नमुने घेतले गेले. १८.७ टक्के नमुन्यांत अंश सापडले, मर्यादेपेक्षा जास्त निघाले ते २.६ टक्के. घाबरवून पैसे कमावणाऱ्यांनी हा दुसरा आकडा मुद्दाम वाचावा. प्रत्येक घासागणिक विष, ही आरोळी खोटी आहे. शिवाय मर्यादा ओलांडली म्हणजे खाणारा आजारी पडला, असाही अर्थ होत नाही. औषध सांगितल्याप्रमाणे वापरलं तर किती अंश उरावा, यावरून ती मर्यादा ठरते आणि आरोग्याच्या धोक्यापासून तिला बरंच अंतर ठेवलेलं असतं. पण त्याच अहवालात तिसरा आकडा होता, ज्याच्यावर कोणी ओरडलं नाही: सुमारे साडेबारा टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मंजूर नसलेली औषधं सापडली.

हा आकडा ऐकून लगेच शेतकऱ्याच्या नावाने बोटं मोडू नका. औषध कोणत्या पिकावर मारायचं, हे नोंदणीत ठरतं. त्याला लेबल क्लेम म्हणतात. कापूस, भात, सोयाबीनसाठी कंपन्या खर्च करून चाचण्या करतात, कारण तिथे धंदा आहे. कोथिंबीर, मेथी, शेपू, कढीपत्त्यासाठी कोण करणार? मग मेथीवर मावा पडला की शेतकऱ्यापुढे कायदेशीर औषधच नसतं, किंवा असून नसल्यासारखं. तो कृषी सेवा केंद्रात जातो. काउंटरमागचा माणूस हाच त्याचा डॉक्टर, तोच सावकार, तोच कंपनीचा एजंट. तो जी बाटली हातात देतो ती उधारीवर मिळते. कृषी सहायक दिसला तर दिसला.

भेंडीचं तर विचारूच नका. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. दोन तोडे चुकले की ती जून होते, बाजारात कोणी हात लावत नाही. तुडतुडे, पांढरी माशी, फळ पोखरणारी अळी यांच्यासाठी फवारा मात्र आठवड्याला पडतो. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचा ‘पीएचआय’, तो लेबलवर तीन, पाच, सात दिवस लिहिलेला असतो. आता दिवसाआडचा तोडा आणि सात दिवसांची वाट यांचा मेळ कसा घालायचा, हे लेबल लिहिणाऱ्याने एकदा बांधावर उभं राहून दाखवावं. नियम पाळायचा तर दर फवाऱ्यामागे दोन-तीन तोडे गुरांना घालायचे. त्याची भरपाई ग्राहक देणार आहे का? तोच ग्राहक वांग्याला एक भोक दिसलं तर भाजीवाल्याच्या अंगावर टाकतो. त्या वांग्याची कथा आणखी मजेशीर. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत शिरली की औषध पोचत नाही, म्हणून ती शिरायच्या आधीच फवारत राहायचं. अळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी वांग्यावर २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती आणली, त्याआधी नागपुरातही जनसुनावणी झाली, टाळ्या वाजल्या. बीटी हवं की नको यावर माझं वेगळं मत असेल, तुमचं वेगळं. पण स्थगितीनंतर वांग्यावरचा फवारा कमी करायला काय केलं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

आणि मग स्वयंपाकघरातला कर्मकांडाचा भाग येतो. कोणी मिठाच्या पाण्यात बुडवतं, कोणी चिंचेच्या, कोणी हजारो रुपयांचं ओझोनचं यंत्र लावून द्राक्षांना बुडबुडे दाखवतं. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की सालीवरचा बराच भाग जातो. ते फुकट आहे म्हणून त्याची जाहिरात होत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवली, तेव्हा सालीवरचे दोन रसायनांचे अंश बहुतेक निघाले, पण सालीच्या आत मुरलेला भाग तसाच राहिला. आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातूनच फळात येतात. त्यांना तुमचं मीठही कळत नाही आणि ओझोनही.

तर सेंद्रिय घ्यायचं कधी? मला विचाराल तर सगळ्याला नाही. नारळ, केळी, कलिंगड, कांदा, लसूण, मटार, मक्याचं कणीस यांच्यासाठी जास्तीचे पैसे देणं म्हणजे सालीला भाव देणं. सेंद्रिय बिस्किटं, सेंद्रिय चिवडा, सेंद्रिय साखर हे श्रीमंतांचे चोचले. पैसे घालायचेच असतील तर पानात घाला आणि जे सालीसकट, कच्चं, रोज पोटात जातं त्यात घाला: कोथिंबीर, कढीपत्ता, मेथी-पालक, मिरची, द्राक्षं, बेदाणे. तेही घरात दिवस गेलेली बाई किंवा लहान मूल असेल तर आधी. मेंदू घडत असतो त्या काळात ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधांची भीती खरी आहे. त्याच गटातल्या क्लोरपायरीफॉसवर युरोपने २०२० मध्ये बंदी घातली ती उगाच नाही. आणि घेताना पाकिटावरचं पान पाहू नका, प्रमाणपत्राचा क्रमांक मागा किंवा शेत पाहून या. दोन्ही जमत नसेल तर हंगामातली साधी भाजी घ्या, भर उन्हाळ्यातला पांढराशुभ्र फ्लॉवर मागू नका, स्वच्छ धुवा, आणि गुमान खा. महिन्याच्या किराण्याला आधीच ओढाताण असणाऱ्या घराने सेंद्रियाच्या धास्तीने भाजीच कमी केली, तर त्यात नुकसानच आहे. भाजी न खाण्याने होणारा तोटा सिद्ध आहे.

ज्याच्या अंगावर खरोखर विष पडतं, त्याचं नाव या सेंद्रियाच्या चर्चेत येतच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो इस्पितळात दाखल झाली. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, पंप पाठीवर, मुसकं नाही, हातमोजे नाहीत, एकात एक मिसळलेली दोन-तीन औषधं, आणि वारा तोंडावर. आपल्या ताटातला अंश मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात मोजतात. त्याच्या अंगावरचा सदरा त्याच औषधाने ओलाचिंब होतो. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच मनाई होती. तरी ते दुकानात कपाशीच्या नावाने मिळत राहिलं. एकच बाटली, कपाशीवर कायदेशीर आणि शेजारच्या वाफ्यातल्या वांग्यावर बेकायदेशीर. शिपाई कोण ठेवणार? बिहारमध्ये गंडामन गावात २०१३ मध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनात हेच मिसळलं आणि २३ मुलं मेली. त्यावर बंदीचा हुकूम निघाला २०२३ मध्ये. दहा वर्षांचा हा हिशेब जुना आहे. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन मिसळलेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं गेली, आणि कीटकनाशक कायदा आला १९६८ मध्ये. तो कायदा बदलायला २००८ मध्ये विधेयक आलं, २०२० मध्ये दुसरं आलं. २०२० च्या मे महिन्यात २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला, आणि २०२३ मध्ये त्यातली तीन-चारच बंदीच्या हुकमात उरली. बाकीची निर्दोष सुटली की त्यांना चांगला वकील मिळाला, ते तुम्ही ठरवा. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये मसाल्यांत सापडलेल्या रसायनाच्या अंशावरून हाँगकाँग-सिंगापूरमध्ये आपली नाचक्की चालू असताना, मसाल्यात ज्या औषधाची मर्यादाच ठरलेली नाही, त्याची सरसकट मर्यादा ०.०१ वरून ०.१ करण्यात आली. दसपट. घर जळत असताना आगीची व्याख्या बदलण्याचा हा प्रकार.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. केरळच्या कृषी विद्यापीठाची वेल्लायणीची प्रयोगशाळा बाजारातल्या भाज्यांचे नमुने घेते आणि कोणत्या भाजीत काय सापडलं, याचे अहवाल लोकांपुढे ठेवते. केरळला जमतं ते महाराष्ट्राला न जमायला कारण नाही. मांजरीची प्रयोगशाळा द्राक्षांसाठी जे करते, तेच वाशी, गुलटेकडी, नाशिक, कळमना इथल्या घाऊक बाजारांत दर आठवड्याला काही गाड्यांसाठी करा. पहाटेच्या लिलावाआधी निकाल मिळणार नाही, भाजी तोवर विकली जाईल, हे मला ठाऊक आहे. पण गाडी कोणत्या गावची, कोणत्या आडत्याची, हे त्या पावतीवर असतंच. पुढच्या खेपेला त्याच गावात कृषी अधिकारी बाटली बघायला जाऊ शकतो, आणि त्या पिकासाठी लेबल क्लेमच नसेल तर ते मिळवायची जबाबदारी कंपनीच्या गळ्यात घालता येते. शेतकऱ्याला दंड करायच्या आधी त्याला कायदेशीर औषध तरी द्या.

भाव पडतील, अशी ओरड होईल. २०१० मध्ये द्राक्षांचेही पडले होते. त्यानंतर निर्यात बंद झाली का? वाढली. खर्च कोण करणार, हा दुसरा प्रश्न येईल. बाजार समित्या सेस घेतात, त्यातून सभापतींच्या गाड्या येतात, कमानी उभ्या राहतात, सभागृहं बांधली जातात. एका बहुअंश चाचणीला काही हजार रुपये लागतात. कमान पुढच्या वर्षी बांधा.